नाव वर

कोंढ्याच्या अंगणवाडीच्या नव्या खोलीवर चोवीस पॅनल होते. आठ-आठच्या तीन रांगा, प्रत्येकाला चार स्क्रू, आणि चोवीसही पॅनलवर ठळक अक्षरांत कंपनीचं नाव. शिडीवरून तृप्तीने पुन्हा मोजलं. नाव वरून दिसायलाच नको होतं.

भौतिकशास्त्रात एमएस्सी करून ती या कंपनीत तापमान नोंदायच्या कामाला लागली होती. पॅनलची एक बाजू उन्हाळ्यात पांढरी होऊन ऊन परतवायची, हिवाळ्यात गडद होऊन तेच ऊन ओढून घ्यायची. दुसरी बाजू बारमाही काळी, पत्र्याला टेकणारी. नाव छापलं होतं ते या काळ्या बाजूवर.

खाली साइट मॅनेजर चंद्रकुमार ड्रोनने काढलेले फोटो कौतुकाने पाहत होता.

"सर, सगळे पॅनल उलटे लागलेत."

"मीच सांगितलं. नाव खाली गेलं तर फोटोत काय दिसणार, पांढरं छप्पर? ते तर चुन्यानेही होते."

"काळी बाजू ऊन ओढेल."

"मटेरियल स्मार्ट आहे मॅडम. त्याचं ते पाहून घेईल."

निदान दोघांपैकी एक तरी स्मार्ट आहे, असं तृप्तीच्या अगदी ओठांवर आलं होतं.

शेजारच्या कवेलूंच्या, म्हणजे मातीच्या कौलांच्या, जुन्या खोलीच्या दारात सेविका विमलाबाई उभ्या होत्या. उद्घाटन झालं की पोरं नव्या खोलीत जाणार आणि जुनी पाडणार, असं ठरलं होतं.

"काहून वं तृप्ती, भट्टीत बसवू का लेकरायले?"

"मावशी, उद्या पाहुणे कुठे बसणार?"

"मांडवात. दोन कूलर लावून राहिले ना."

तृप्ती चंद्रकुमारकडे परतली. "सर, कार्यक्रम नव्या खोलीतच घ्या ना. पाहुण्यांना प्रत्यक्ष अनुभव मिळेल."

"आता तुम्ही कंपनीच्या माणसासारखं बोलल्या," तो खुशीत म्हणाला. गारव्याचं श्रेय पंख्याला जाऊ नये म्हणून तो बंद ठेवायचंही त्याने स्वतःच ठरवलं.

एप्रिलची टळटळीत दुपार. पाहुणे दाटीवाटीने बसले आणि सत्कार सुरू झाले. प्रत्येकाला नारळ, प्रत्येकाच्या खांद्यावर जाड शाल. अंगावर घातलेली शाल भाषणं संपेपर्यंत काढायची कशी? आधी आपली शाल कोणीच काढेना. चंद्रकुमारला तर दोन मिळाल्या.

"हा जो गारवा आपल्याला जाणवतो आहे..." त्याने सुरुवात केली. नाकावरचा घाम माइकवर टपकला.

"अंडी उबवाले बेस आहे जी," मागून गावातले गोमाजी म्हणाले. खोली हसली.

पंचायत समितीचे सभापती केशवराव शालीसकट उठले आणि तडक कवेलूंच्या खोलीत जाऊन खिचडी खाणाऱ्या पोरांमध्ये बसले. चंद्रकुमार धापा टाकत मागोमाग आला.

"काय जी, तुमचं छप्पर असंच तापते?" केशवरावांनी विचारलं.

चंद्रकुमार शालीने तोंड पुसू लागला.

"उलटं लावलंय," मागून आलेली तृप्ती म्हणाली. "फोटोत नाव दिसावं म्हणून."

केशवरावांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "मंग नाव तुमच्या घरावर लावा. हे सरळ होत नाही तोवर ही खोली पाडाची नाही, अन् लेकरं इथून हलाची नाहीत."

विमलाबाईंनी त्यांच्यापुढे खिचडीची ताटली सरकवली.

त्याच आठवड्यात चोवीसही पॅनल उलटवून सरळ लावले गेले.

उद्घाटनाच्या दिवशी, दुपारी दोन वाजता, पंखा बंद: बाहेर ४२.१ अंश, नव्या खोलीत ४५.३. पॅनल उलटवल्यानंतर, दुपारी दोन वाजता, पंखा बंद: बाहेर ४२.४, नव्या खोलीत ३७.२.