सतरा नंबरची चकती

रत्नमालाचं पत्र २०११ च्या ऑगस्टात आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही.

निळं आंतर्देशीय पत्र होतं. मी ते मराठी शब्दकोशात ठेवलं आणि नंतर एखादा शब्द पाहायचा असला तरी तो शब्दकोश उघडायचं टाळू लागलो. पत्र मला पाठच होतं.

‘सर, तुम्ही आम्हाला आठवीत पिंपळ्या तलावावर नेलं होतं. सांडव्यावरून आम्ही सावरीच्या लाकडाच्या बेचाळीस चकत्या सोडल्या. संध्याकाळी खालच्या बोडीत एकच सापडली, सतरा नंबरची, माझी. सर, ती पाण्यातून आली नव्हती. ती मी सोडलीच नव्हती, दप्तरात ठेवली होती. तुम्ही बोडीच्या काठावर बसला होता, तुमचं तोंड पाहवत नव्हतं, म्हणून मी ती हळूच टाकली. आता मी नागपूरला भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करते आहे आणि आपल्या तलावांचा नकाशा तयार करते आहे. संगणक म्हणतो, पिंपळ्याचं पाणी पश्चिमेच्या नाल्यात जातं, बोडीत जात नाही. माझ्या चकतीशिवाय तुमच्याकडे दुसरा काही पुरावा आहे का? असला तर दिवाळीच्या आत कळवा. रागावला असाल तर तेही कळवा.’

माझ्याकडे दुसरा पुरावा नव्हता. ती सहल २००० सालची. त्यानंतर अकरा वर्षं मी सानगडीच्या शाळेत प्रत्येक आठवीला सांगत आलो, की पिंपळ्याचं पाणी पूर्वेच्या बोडीत, म्हणजे खालच्या लहान तळ्यात जातं, आपण सिद्ध केलेलं आहे. आणि कपाटातली ती चकती दाखवत आलो. मला राग आलाच नव्हता. एका तेरा वर्षांच्या मुलीला माझी दया यावी आणि मी त्या दयेला शास्त्र म्हणून शिकवावं, याची लाज वाटली. निवृत्त झालो तेव्हा चकती घरी आणली.

कोणी म्हणेल, चालत जाऊन का नाही पाहिलं? पाहिलं, पुष्कळदा. पण तलाव आणि बोडी यांच्यामध्ये दोन किलोमीटर नुसत्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं आहेत. पाणी एका बांधीतून दुसरीत झिरपतं, उतरतं, पसरतं. ओढा नाही, पाट नाही. जमीन इतकी सपाट की उतार डोळ्यांना कळत नाही.

२०१८ साली साकोलीच्या एका कॉलेजात रविवारचा वर्ग सुरू होणार असल्याची बातमी वाचली. विषय: भूविज्ञानासाठी प्रगत भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जीआयएस. वयाची अट नव्हती. मी बातमी कापून घेतली आणि चार दिवस खिशात ठेवली. कपडे धुताना ती माझ्या बायकोला, सत्यभामेला, सापडली.

“हे तुम्ही शिकणार? तुमाले मोबाइलचा आवाज कमी करता येत नाही.”

“मी मागे बसेन.”

“बसा. बत्तीस वर्सं पोरायले म्हनत होते, मागं काहून बसता.”

मी मागेच बसलो. वर्गात अकरा पोरं-पोरी आणि मी. शिकवणाऱ्या प्रतीक्षा मॅडम सत्तावीस वर्षांच्या, तुमसरच्या. पहिल्या दिवशी त्यांनी उपग्रहाने मोजलेल्या उंचीचा नकाशा उघडायला सांगितला. पडद्यावर नुसता करडा चौकोन आला. मग त्यांनी सांगितलं, यावर वायव्येकडून ऊन पाडा. मी बटण दाबलं आणि टेकड्या उठून उभ्या राहिल्या. सावल्या पडल्या. वैनगंगेचं वळण खोल दिसू लागलं. आमच्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला त्या वर्षी मी शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात आपल्या हाताने नवी सीमा आखली होती. इथे पूर्वेकडचे डोंगर ती सीमा न मानता सरळ पलीकडे चालले होते. मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो, हे शेजारच्या मुलीने हसून पाहिलं तेव्हा कळलं.

घरी येऊन मी वही भरून काढली. सत्यभामा म्हणाली, “जेवता जेवता हसून राहिले.”

पाचव्या रविवारी पाणी कुठून कुठे वाहतं ते काढायचं होतं. मॅडमनी क्रम सांगितला. आधी ‘फिल’ करा. म्हणजे नकाशातले खड्डे बुजवा, कारण असे खड्डे बहुतेक मोजणीतल्या चुका असतात. मग उताराची दिशा, मग प्रवाह. मी क्रमाने गेलो. निळ्या रेषा उमटल्या. पिंपळ्यातून निघालेली रेष तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, ओलांडून पश्चिमेच्या नाल्यात गेली. रत्नमालाच्या संगणकाचं म्हणणं तेच होतं.

मी वही मिटून घरी आलो. आता ती चकती चुलीत टाकावी, असं खरंच मनात आलं.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना एक गोष्ट डोक्यात आली आणि मी तसाच ओल्या अंगाने वही शोधत बाहेर आलो. खड्डे बुजवा. पण आमच्या जिल्ह्यात खड्डा म्हणजे तलाव. गावागणिक एक तरी आहे. माणसांनी पाळ बांधून मुद्दाम केलेला. संगणकाने आधी माझा तलाव चूक म्हणून काठोकाठ भरून टाकला आणि मग त्याला काठावर जी जागा सर्वांत सखल सापडली तिथून पाणी बाहेर सोडलं. ती जागा सांडव्याची होती का?

हे मॅडमना सांगायला मला दोन रविवार लागले. एवढी साधी गोष्ट त्यांना ठाऊक नसेल का, असं वाटत होतं. शेवटी वर्ग संपल्यावर टेबलापाशी उभा राहिलो.

“मॅडम, चुकत असेन, पण इथला खड्डा चूक नसतो.”

त्यांनी मला खुर्ची दिली. माझं सगळं ऐकून घेतलं आणि नकाशा मोठा केला.

“सर, हा नकाशा लहान चौकोनांचा बनलाय, एक चौकोन तीस मीटरचा आहे. तुमचा सांडवा किती रुंद?”

“आठ मीटर असेल.”

“मग तो चौकोनात हरवला. पाळही अरुंद, तिची उंची मागच्या खोल जमिनीत मिसळून कमी झाली. म्हणून पाणी पाळीवरून गेलं.” त्यांनी बाकीची गावं पडद्यावर आणली. “मी सहा गावांचे नकाशे असेच केलेत, सर. पाळ चालून मोजा, सांडव्याची जागा आणा. आपण दोन्ही नकाशात भरू.”

मोबाइल हातात धरून मी पाळीवरून चाललो. मंगरू तिथे होता. तलावाचं पाणी सोडायचं काम त्याच्या घराण्याकडे आहे.

“गुरुजी, मोबाइलमंधी काय शोधून राहिले?”

“सांडवा.”

“तो तं तुमच्या पायाखाली हाय.”

“उपग्रहाला दिसत नाही.”

“तं उतरून पाह्य म्हना त्याले एक दिवस.”

मी त्याला विचारलं, इथलं पाणी जातं कुठे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी शिक्षक होतो की नाही, याचीच शंका यावी.

“पिंपळ्या सांडला का पहिल्या दिशी इथं नारळ फोडाले कोन येते?”

“बोडीखालचे लोक.”

“नाल्याकाठचा एक तरी मानूस आला का कधी?”

“नाही.”

“कायले येईल? त्याले पानी भेटतच नाही.”

तो नारळ मी तीस वर्षं पाहत आलो होतो. प्रसादही खाल्ला होता. रूढी म्हणून सोडून दिला, पुरावा म्हणून कधी वहीत लिहिला नाही. वहीत मी चकत्या लिहिल्या.

पुढच्या रविवारी पाळीचे चौकोन उंच केले. सांडव्याच्या चौकोनावर आलो आणि माझा हात थांबला.

“मॅडम, आकडा मी माझ्या हाताने बदलतो आहे. हे बोडीत चकती टाकण्यासारखंच नाही का?”

मग त्यांना रत्नमालाची गोष्ट सांगावी लागली. बत्तीस वर्षं शिकवलेल्या माणसाने सत्तावीस वर्षांच्या शिक्षिकेपुढे ती सांगितली. पोरं घरी जायची थांबून ऐकत होती.

“नाही, सर,” त्या म्हणाल्या. “तुम्ही फक्त दार आहे तिथं उघडताय, आणि ते तुम्ही पाहून आलात. पुढच्या दोन किलोमीटरला तुम्ही हात लावलेला नाही. तिथं पाणी कुठं जायचं ते जमिनीची उंची ठरवेल. पश्चिमेला वळलं तर वळलं.”

मी सांडवा खाली केला आणि बटण दाबलं.

संगणकाचं काम दाखवणारी हिरवी पट्टी सरकू लागली. माझ्या मागे सगळा वर्ग उभा होता. नकाशा पुन्हा उमटला. निळी रेष सांडव्यातून निघाली, बांध्यांमध्ये शिरली, एकदा पश्चिमेकडे झुकली. मग ती एका उंचवट्याला वळसा घालून पूर्वेला फिरली, नागमोडी उतरत गेली आणि बोडीत जाऊन थांबली. मॅडमनी टाळी वाजवली. मी ती रेष पडद्यावर बोटाने पुन्हा गिरवली.

रत्नमालाचा पत्ता तिच्या आईकडे, आनंदाबाईंकडे मिळाला. ती हैदराबादला भूजलाचं काम करते.

“तिले वाटते, तुमी रागावले,” त्या म्हणाल्या.

उत्तर मी चार वेळा लिहिलं. शेवटी एवढंच राहिलं:

‘चि. रत्नमाला, तुझी चकती खोटी होती, पण पाणी बोडीतच जातं. नकाशा सोबत आहे. खड्डे बुजवण्याआधी पाळ आणि सांडवा नकाशात भरले की रेष बदलते, करून पाहा. आणखी एक पुरावा मंगरूने दिला, तो मागच्या पानावर लिहिला आहे. बाकीच्या एकेचाळीस चकत्या बांध्यांतच अडकल्या असणार. प्रयोग माझा चुकला होता, तुझा नाही. मी रागावलो नव्हतो. मला लाज वाटली होती आणि ती सांगायला सात वर्षं लागली. तुझ्या नकाशात आता काय आहे ते कळव. – मधुकर गुरुजी’

सानगडीच्या पोस्टातल्या बाईंनी जाड पाकीट हाताने चाचपलं.

“आत काय आहे, गुरुजी?”

“नकाशा, आणि एक लाकडाची चकती.”

त्यांनी वजन केलं, रजिस्टरची पावती फाडली आणि पाकिटावर शिक्का मारला.