गाळलेलं अकरावं पान

अहवालातलं अकरावं पान कुणीतरी काढून टाकलं होतं. पुढच्या पानांचे आकडेही बदललेले, म्हणजे चुकून गळालं असं म्हणायची सोय नव्हती. अहवाल लिहिणाऱ्या तरुण इंजिनिअरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या पानासाठी तिने तीन महिने संगणकापुढे डोळे फोडले होते. एका शाळेच्या गच्चीवर, उभ्या खांबाभोवती तीन उभी पाती फिरणारी, त्यांच्या कारखान्याची पवनचक्की बसायची होती. संगणकात ती मोकळ्या वाऱ्यात फिरवली तेव्हा सगळं झकास होतं. मग तिने गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी, जिन्याची खोली त्यात मांडली आणि वारा अडखळायला लागला. वीज निम्मी झाली. त्याहून वाईट म्हणजे मिनिटाला एकशे चाळीस फेऱ्यांवर पात्यांचे झटके आणि खांबाची थरथर एका तालात यायची. खांब बुडाशी चिरेल, असं तिने अकराव्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं.

ती तडक कारखान्याच्या साहेबांच्या खोलीत गेली.

“माझं पान कुठंय?”

“बस आधी,” साहेब म्हणाले. “अगं, संगणकाला काय, भरवू ते तो दाखवतो. लोकांना कशाला घाबरवायचं?”

“बाकीची वीस पानंही त्याच संगणकाची आहेत. तीही काढा मग.”

“समजावून सांगतोय तर डोक्यावर बसतेस. जा, कामाला लाग.”

ती खाली कारखान्यात गेली. तिथे मिस्त्री त्याच खांबाच्या बुडाला वेल्डिंगचा जोड मारायच्या तयारीत होते. पडद्यावरच्या वाऱ्याची त्यांना भारी गंमत वाटायची. तिला ते ‘वादळबाई’ म्हणत.

“काय वादळबाई, आज खरंच वादळ दिसतंय.”

तिने पान छापून आणलं होतं. मिस्त्रींनी चष्मा पुसून ते सावकाश वाचलं, खांबाच्या बुडावरून अंगठा फिरवला आणि मशीन बंद केलं.

“मी नाही जोडत हे. साहेबांना म्हणावं, स्वतः जोडा.”

दोघं तशीच शाळेत गेली. मुख्याध्यापिकाबाईंनी पान दोनदा वाचलं.

“पडला तर कुठल्या बाजूला?”

“मैदानाच्या.”

बाईंनी तिथल्या तिथे साहेबांना फोन लावला. “ते पान नजरचुकीने राहिलं,” साहेबांचा मधाळ आवाज खोलीभर ऐकू आला.

“नजरचुकीने पानांचे आकडे बदलत नाहीत,” ती फोनकडे वाकून म्हणाली. “या पानाप्रमाणे बदल करा, नाहीतर पवनचक्कीच नको,” बाईंनी साहेबांना बजावलं.

शेवटी पवनचक्की गच्चीवर नाही, मैदानामागच्या मोकळ्या जागेत कुंपण घालून बसली. खांब जाड केला, शंभर फेऱ्यांवर आपोआप लागणारा ब्रेक लावला. उद्घाटनाला साहेब ‘आमच्या काटेकोर तपासणी’बद्दल वीस मिनिटं बोलले. तिचं नाव नाही, मिस्त्रींचं तर नाहीच.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने हाताची घडी सोडली नाही.

“जाऊ दे गं,” मिस्त्री पुटपुटले.

“नाही जाऊ देणार,” ती म्हणाली, तेही शेजारच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.