राखीव प्रोसेसर आणि शेवटची बोट

हसू नका, पण तीन वर्षांत मी काडीचं काम केलं नव्हतं, आणि तरी मला कोणी आळशी म्हटलं नाही. मी एक राखीव प्रोसेसर. ग्रेसिक बंदरावरच्या एका जहाज कंपनीच्या कचेरीत, काचेच्या दारामागच्या थंडगार खोलीत, एकाच कपाटात आम्ही दोन सर्व्हर राहतो. वरच्यात थोरला प्रोसेसर, खालच्यात मी. बावेआन बेटाच्या बोटींची तिकिटं थोरला विकायचा. तो पडला तर त्याचं काम मी उचलायचं, आणि तेही असं की तिकीट काढणाऱ्याला पत्ता लागू नये. पण तो पठ्ठ्या पडायचाच नाही.

माझा जन्म वाळूतून झाला. ती वितळवून तिच्या चकत्या केल्या, चकत्यांवर केसाहून बारीक रेघा कोरल्या. मग पिनांगच्या कारखान्यात मला तापवलं, लगेच गारठवलं, पुन्हा तापवलं. पापडालासुद्धा कोणी इतकं छळत नाही. त्यातून टिकलो म्हणून सोळा हातांचा, तुमच्या भाषेत सोळा कोअरचा, प्रोसेसर ठरलो. काम थोडं असलं की मी दोनचार हात भन्नाट वेगानं चालवतो आणि बाकीचे झोपवतो. गर्दी झाली की सोळाच्या सोळा. आणि अंग फार तापलं की आपोआप हळू होतो, नाहीतर जळून जाईन. आपल्याला किती झेपतं ही अक्कल आमच्यात जन्मजात असते. माणसांत नसते, असं रुकाया म्हणते.

रुकाया आमची सगळी देखभाल करते. आहे बावेआनचीच, पण तीन वर्षं ईदला घरी गेली नव्हती. त्याला कारण कचेरीचे साहेब, पाक गुनार्दी (आमच्याकडे पुरुषाला मानानं पाक म्हणतात, बाईला बू). माणूस सोन्यासारखा, पण राखीव या गोष्टीवर त्यांचा विश्वासच नव्हता.

"पाक, वरचं बंद पडलं तर खालचं आपणहून काम उचलतं," रुकाया दर वर्षी सांगायची. "मी इथे बसून काय करू?"

"बसायचं. यंत्राजवळ माणूस लागतं. आमच्या सासूबाईंचं शिलाई मशीन बघ, समोर कोणी बसल्याशिवाय एक टाका घालत नाही."

"शिलाई मशीन चालवावं लागतं, पाक."

"मग मी दुसरं काय म्हणतोय?"

दर ईदला रुकाया ताडाच्या पानात बांधलेले गोड पुदाक घ्यायची आणि शेजारच्या बाईंबरोबर आईला पाठवायची. पुदाक घरी पोचायचे, रुकाया माझ्यासमोरच्या खुर्चीत. मला फार वाईट वाटायचं. मी एकदा करून दाखवलं की ही सुटेल, हे मला कळत होतं. दर सेकंदाला मी थोरल्याला विचारायचो, "आहेस का?" तो म्हणायचा, "आहे." खोटं कशाला बोलू, कधीकधी मी जरा आशेनंच विचारायचो.

या रमजानात ईदआधीच्या शेवटच्या बोटींचं बुकिंग संध्याकाळी पाचला उघडणार होतं. त्या दिवशी कचेरीत सलामतीची प्रार्थना होते. पिवळ्या भाताचा टोकदार डोंगर करायचा, त्याभोवती सोयाबीनचं तळलेलं टेंपे, अंडी, कोंबडी मांडायची, प्रार्थना करायची आणि मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजानला त्यावरच उपास सोडायचा. दर वर्षी हे अंगणात होतं. या वर्षी पाक गुनार्दींच्या मनात आलं की प्रार्थना यंत्रांसाठी आहे, तर भातही यंत्रांसमोर असावा.

सव्वाचारला कॅन्टीनच्या बू सुलिका परात घेऊन आत आल्या आणि कुडकुडल्या.

"पाक, हा तर फ्रीज आहे. उपास सुटेपर्यंत भाताचा दगड होईल."

पाक गुनार्दींनी भाताकडे बघितलं, एसीकडे बघितलं आणि एसी बंद करून टाकला. "तासाभराचा तर प्रश्न आहे," ते म्हणाले. ऊब टिकावी म्हणून जाताना त्यांनी दारही नीट लावून घेतलं आणि दोघं अंगणात चटया घालायला गेले. रुकाया तेव्हा बाजारात, पुदाकच्या रांगेत उभी होती.

पाच वाजले आणि माणसांचा लोंढा आला. माणसं तिकीट कशी काढतात ते आतून बघा, करमणूक आहे. एकच बटण चारदा दाबतात. स्वतःचं नाव चुकवतात. घरात कोणाला तरी हाक मारून आपलाच पासवर्ड विचारतात. थोरला सोळा हातांनी झुंजत होता, आणि खोली तापत होती. भात वाफाळत होता तो वेगळाच. थोरला हळू झाला, आणखी हळू झाला. माझ्या "आहेस का?"ला उशिरा उत्तर येऊ लागलं. पाच एकवीसला आलंच नाही.

मी तीनदा विचारलं. आधी मला आनंद झाला, त्याची लगेच लाज वाटली, आणि मग जी भीती वाटली ती काही विचारू नका.

पण नियम तोंडपाठ होता. जागांची यादी आम्हा दोघांत एकच. पहिल्यांदा मी थोरल्याचा हात त्या यादीवरून काढला, म्हणजे तो मध्येच शुद्धीवर येऊन एक खुर्ची दोघांना विकणार नाही. मग रुकायाच्या फोनवर निरोप टाकला: वरचा पडला, खालचा चालू, खोली तापली आहे. आणि सुटलो! तीन वर्षं आराम करून अंग थंड होतं. खिडकीजवळची जागा, घ्या. तीन मुलं आणि एक आजोबा, घ्या. बटण चारदा दाबलंत, तिकीट एकच मिळेल काका. काय सांगू, इतकी मजा मला जन्मात आली नव्हती.

पाच पंचवीसला एक नाव आलं. रुकाया. शुक्रवारची शेवटची बोट, एक जागा.

रांगेत उभ्या उभ्या तिनं माझा निरोप वाचला होता. दुसरं कोणी असतं तर आधी धावत सुटलं असतं. तिनं आधी तिकीट काढलं आणि मग धावली. मी तिला जागा दिली आणि त्यानंतर पाच सेकंद मला स्वतःचं भान नव्हतं. अर्थात तेवढ्यात सत्तर तिकिटं विकली, तो भाग वेगळा.

पाच तेहतीसला ती धापा टाकत आली आणि तिनं एसी लावला. मागोमाग खजुराची ताटली घेऊन पाक गुनार्दी आणि बू सुलिका आले.

"एसी कोणी बंद केला?" रुकायानं विचारलं.

"भात गार होत होता," पाक गुनार्दी हळूच म्हणाले.

"वरचं मशीन बंद पडलंय, पाक. पाच एकवीसला."

त्यांच्या हातातली ताटली कलली. "या अल्ला! ऐन बुकिंगात? बघ, मी काय सांगत होतो? यंत्राजवळ माणूस लागतं. आता या ईदलाही तू इथून हलायचं नाहीस."

रुकायानं फोन त्यांच्यापुढे धरला. "हे वाचा जरा."

त्यांनी चष्मा लावला. "बावेआन, शेवटची बोट. तुझं तिकीट? कोणाला विचारून काढलंस?"

"ते नंतर. वेळ वाचा."

"पाच पंचवीस." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पण तेव्हा तर बंद होतं ना?"

"बंद होतं."

"मग हे निघालं कसं?"

"खालच्यानं दिलं. बाकीच्यांनाही दिली. एकाचंही अडलं नाही. आता सांगा पाक, तेव्हा यंत्राजवळ कोण होतं?"

पाक गुनार्दींनी खोलीभर नजर फिरवली.

"भात होता," बू सुलिका म्हणाल्या.

अजान झाली. सगळी कचेरी आमच्या खोलीच्या दारात गोळा झाली. भाताच्या डोंगराचा शेंडा कापून ज्याचा मान त्याच्या ताटात वाढायचा असतो, आणि दर वर्षी साहेब तो कंपनीच्या मालकांसाठी काढून ठेवायचे. या वेळी त्यांनी सुरी फिरवली आणि तो शेंडा रुकायाच्या ताटात ठेवला.

"बोट किती वाजता?"

"नऊला."

"मग आठलाच बंदरावर जा. अन् आईला सांग, तीन वर्षं चूक माझी होती."

पाक गुनार्दींनी रुकायाला पाणी दिलं आणि स्वतः दुसरीकडे बघत खजूर खाल्ला.

आज ईद आहे. थोरला बरा झालाय आणि आता तो राखीव आहे, चार दिवस त्यालाही आराम कळू दे. सकाळी पाक गुनार्दी नवा शर्ट घालून डोकावून गेले, रुकायाच्या खुर्चीत दोन मिनिटं बसले, करण्यासारखं काही सापडेना म्हणून उठून गेले. मला तिची आठवण येते. पण ती इथे नाही याचा जो आनंद झालाय, तो माझ्या सोळा हातांत मावत नाही.

वाचकहो, तुमच्या ओळखीतलं कोणी असं सणासुदीला यंत्राशेजारी बसून असेल, तर त्याला आजच घरी पाठवा. तिकडे त्याची आई वाट बघत असेल. इथलं आम्ही बघतो.