पहिली भरली फेरी

सुकदेवशेठच्या ट्रकचं नाक कापलं त्या दिवशी निंबा ड्रायव्हर जेवला नाही.

नाक म्हणजे पुढचं बॉनेट. जुन्या घडणीची गाडी होती ती. इंजिन पुढं, ड्रायव्हर त्याच्या मागं. वीस वर्षं निंबा त्या नाकामागं बसून केळी वाहत होता. "पहिली थप्पड इंजिन खातं, उरली तर आपण," असं तो म्हणायचा. पण शेठला हौदा मोठा हवा होता. केबिन उचलून इंजिनाच्या डोक्यावर, अगदी तोंडाशी नेऊन बसवली की मागं अडीच फूट मोकळे होतात. अडीच फुटांत केळीचे किती घड बसतात, हे फैजपुरातलं शेंबडं पोरही सांगेल. ड्रायव्हरचे पाय कुठं येतात, हे मात्र शेठच्या डोक्यात कधी आलं नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि शेठचं काही जळत नव्हतं.

केबिन पुढं नेण्याच्या कामात सगळ्या पट्ट्यात एकच नाव घेतलं जाई, इसाक मिस्तरी. साठीचा, बुटका, कानावर खडूचा तुकडा खोचलेला. यावल रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये त्याचा कारखाना. कारखाना कसला, दोन वेल्डिंग मशीन आणि एक कडुनिंब! पण त्याच्या हातची केबिन खड्ड्यात कुरकुरत नसे.

त्याच इसाकचे पाय मोडायचे, असं निंबानं दीड वर्षापूर्वी ठरवून ठेवलं होतं.

कारण चिंधा. निंबाचा धाकटा भाऊ, शेठच्याच दुसऱ्या गाडीवर ड्रायव्हर. त्या गाडीची केबिनही इसाकनंच पुढं नेली होती. त्यानंतर आठव्या महिन्यात चोपड्याच्या वाटेवर, मागचे दिवे नसलेल्या एका उभ्या ट्रेलरवर चिंधा आदळला. पुढं इंजिन असतं तर इंजिन चेपलं असतं. पुढं चिंधा होता. निंबा मागच्याच गाडीत होता, पाच मिनिटांत पोचला. चिंधा चाळीस मिनिटं जिवंत होता, बोलत होता, पाणी मागत होता. पत्रा फाटला तेव्हा आत दिसलं ते लाकूड. लोखंडानं वजन वाढतं, तेवढी केळी कमी बसते, म्हणून शेठनं लोखंड नको सांगितलं आणि मिस्तरीनं मान डोलावली. बरं, चूक झाली म्हणावं, तर हा माणूस चिंधाच्या दारावरही बसायला आला नाही. मेलेल्याच्या दारावर वैरीसुद्धा येतो. इसाक लाजेनं आला नाही की भीतीनं, हे निंबानं कधी विचारलं नाही. त्याला विचारायचंच नव्हतं.

आणि आता त्याच इसाकच्या हातची तसलीच केबिन निंबाच्या वाट्याला आली. नोकरी सोडावी, तर चिंधाची बायको पुष्पाबाई आणि तिची दोन लेकरंही निंबाच्याच चुलीवर जेवत होती.

गाडी तयार झाली त्या दिवशी निंबा शेडमध्ये गेला, तो हातात मोठा पाना घेऊनच. सुकदेवशेठ खुर्ची टाकून बसला होता. निंबानं केबिनच्या डाव्या तोंडावर, क्लीनरच्या बाजूला, पाना ठोकला. बद्द आवाज आला. पुन्हा ठोकला. पुन्हा तेच.

"लाकूडच शे ना, मिस्तरी?"

इसाकनं एकदा शेठकडे पाहिलं. "निंबा, मागून बोलू आपण."

"मागून काय बोलतोस? मन्हा भाऊले तुन्हा लाकूडनी खाधं!"

आणि पाना फिरला. डावा हेडलाइट फुटला, काचा इसाकच्या दाढीत उडाल्या. दुसऱ्या हातानं निंबानं त्याची मानगूट धरली आणि कपाळ पत्र्यावर आपटलं, एकदा, दोनदा. कारागीर धावले. शेठ उठला आणि त्यानं निंबाच्या कानाखाली अशी वाजवली, की कारागीरही जागच्या जागी थांबले. "माझ्या गाडीवर हात टाकतोस? चालवायची तर चालव, नाहीतर चालता हो!"

निंबा गाल चोळत हसला. चालवतो म्हणाला. फक्त एक गोष्ट.

"पहिली भरली फेरी मिस्तरीनी. रिवाज शे."

रिवाज खरा होता, इसाकच्या बापापासूनचा. नवी केबिन पहिल्यांदा माल भरून निघाली की बांधणाऱ्या मिस्तरीनं डाव्या सीटवर बसून जायचं. कुठं कुरकुरतंय, कुठं हादरतंय ते ऐकायचं आणि तिथं खडूची खूण करायची. रिकामी केबिन खोटं बोलते, भरल्यावर खरं सांगते, असं इसाक म्हणे. त्यानं कपाळाचं रक्त बाहीला पुसलं आणि म्हणाला, "येणारच आहे. मी कधी चुकवली?"

दोन दिवस आधीच निंबानं झाड हेरून ठेवलं होतं. यावलच्या पुढं, रस्त्याच्या डाव्या अंगाला, डांबराला खेटून उभी असलेली जुनी चिंच. मोटारसायकल उभी करून त्यानं खोडाला हात लावून पाहिलं होतं. वेग किती ठेवायचा हेही मनात पक्कं होतं. जीव घ्यायचा नव्हता. पाय घ्यायचे होते, चिंधाचे गेले तसे, गुडघ्यापासून. स्वतःचं काय होईल, याचा त्यानं फारसा विचार केला नाही. रागाला डोळे नसतात म्हणतात. निंबाच्या रागाला डोळे होते, पण ते फक्त डावीकडे बघत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी यावलच्या मळ्यात केळी भरली. दहाच्या सुमाराला गाडी धुळ्याच्या वाटेला लागली.

निंबा नव्या केबिनमध्ये पहिल्यांदाच बसला होता. पुढं काहीच नव्हतं. काच, आणि काचेखाली लगेच रस्ता. इंजिन दोघांच्या मधे झाकणाखाली धडधडत होतं, मांडीला चटके देत होतं. समोरून येणारी प्रत्येक गाडी अंगावर आल्यासारखी वाटे. इसाक डाव्या सीटवर कान देऊन बसला होता. एका ठिकाणी त्यानं छतावर खडूची फुली मारली.

निंबानं पाय दाबला.

समोरून एसटी येत होती. निंबानं गाडी मुद्दाम मधोमध घेतली. एसटीच्या ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. शेवटच्या क्षणी निंबानं स्टिअरिंग ओढलं. एसटीचा आरसा केबिनच्या कडेला लागून फुटला, मागं हौद्यात घड धडाधड सरकले.

"निंबा! डोकं फिरलं का?"

"आते कसं वाटस पुढे बठीसन? चिंधा रोज असाच बठे!"

"हळू घे. ऐक माझं—"

"तू तर शेठनंच ऐकलं व्हतं!"

पुढं उसाचा ट्रॅक्टर होता. निंबानं त्याच्या मागच्या फळीपर्यंत गाडी नेली, इतकी की उसाची पाती काचेवर घासली, आणि मग बाजूनं काढली. इसाकच्या हातातला खडू मोडला. आता त्याला कळलं. त्यानं स्टिअरिंगवर झडप घातली. साठीचा असला तरी हात लोहाराचे होते, गाडी डावी-उजवी डोलायला लागली. निंबानं कोपर मारलं, ते थेट तोंडावर. दात मोडल्याचा आवाज त्याला इंजिनाच्या आवाजातही ऐकू आला. इसाकनं स्टिअरिंग सोडलं नाही. निंबानं पुन्हा मारलं, पुन्हा मारलं, नाकावर, डोळ्यावर, हात निसटेपर्यंत. त्याला बरं वाटत होतं. दीड वर्षात पहिल्यांदा त्याला खरंच बरं वाटत होतं.

मग चिंच दिसली. निंबानं ब्रेकवर थोडा पाय टाकला, ठरवलं होतं तेवढाच, आणि गाडी डावीकडे घातली.

झाड आत आलं. दुसरं काही सांगता येत नाही. डावा कोपरा होता तिथं खोड होतं आणि काचेचा पाऊस होता. इसाकची किंकाळी सुरू झाली ती थांबेना. केळीचे घड केबिनच्या टपावरून पुढं येऊन रस्त्यावर फुटले. रेडिएटरचं उकळतं पाणी खाली रस्त्यावर सांडलं.

निंबानं आपले पाय पाहिले. हलवले. दोन्ही हलत होते. छाती स्टिअरिंगवर आदळून दुखत होती, बाकी साधं खरचटलंही नव्हतं. हे कसं, म्हणून त्यानं आपल्या पुढचा पत्रा पाहिला. सांध्याजवळ पत्रा सोलून निघाला होता. आत लोखंडी चॅनेल होती, खोबणीच्या आकाराच्या जाड पट्ट्या. एकाला एक पाठ लावून जोडलेली दोन, खालच्या चौकटीपासून वरपर्यंत, जाड वेल्डिंगनं बसवलेली. वाकली होती, पण मोडली नव्हती.

इसाकच्या बाजूला लाकडाच्या ढलप्या होत्या.

"हाई काय शे?" निंबा ओरडला. "हाई लोखंड कथाईन उनं?"

इसाकच्या तोंडातून रक्त आणि शब्द एकदमच येत होते. "घरचं होतं... शेडच्या दाराचं. शेठला सांगितलं नाही. एकाच बाजूला पुरलं."

"मंग तुन्ही बाजू?"

"मिस्तरी एक फेरी बसतो. ड्रायव्हर रोज बसतो." आणि मग डोळे गच्च मिटून तो ओरडला, "या अल्ला! अरे, माझे पाय काढा कुणीतरी!"

परवा निंबानं पाना फक्त डावीकडे ठोकला होता. आपल्या बाजूला एकदा ठोकला असता तर कळलं असतं. पण जिथं मारायचं तिथंच त्यानं ऐकलं. त्याला स्वतःची इतकी किळस आली की तो दारातून वाकून भडभडा ओकला.

मळ्यांमधून माणसं धावत आली. पुढं नवल नावाचा एक धिप्पाड शेतकरी होता, हातात पहार. "काय झालं? झोप लागली का रे?"

हो म्हणणं सोपं होतं. निंबा खाली उतरला आणि म्हणाला, "झोप नही लागनी. मी मुद्दाम घाली गाडी."

क्षणभर कुणाला कळेना. मग नवलनं पहार टाकली आणि त्याच्या तोंडावर ठोसा मारला. मग सगळेच तुटून पडले. लाथा, बुक्के, केळीचा दांडा, चप्पल. निंबानं हात वर केला नाही. नाक फुटलं, एक बरगडी गेली. डांबरावर गाल टेकून तो मार खात राहिला आणि वरून इसाकचं ओरडणं ऐकत राहिला.

"अरे, त्याला नंतर मारा!" इसाक वरून ओरडला. "आधी मला काढा!"

तेव्हा लोक भानावर आले. कुणीतरी रुग्णवाहिकेला फोन लावला, ती यायला वेळ होता. नवलनं आपला ट्रॅक्टर आणला आणि लोखंडी साखळी काढली. इथं सगळे असंच करतात. केबिनच्या चेपलेल्या तोंडाला खालून साखळी अडकवायची, ट्रॅक्टरनं ओढायचं, पत्रा सुटतो, माणूस निघतो. नवल वाकून साखळी अडकवणार, तेवढ्यात इसाकनं सगळं उरलंसुरलं बळ एकवटून आवाज काढला.

"साखळी नको! ओढू नका! ही माझी जोडणी आहे, खालून ओढली की वरचा मोडका खांब मांडीत उतरतो. रक्तवाहिनी तुटेल, मी इथंच मरेन. टपावरचे चार बोल्ट आधी सोडा. मग तोंड आपोआप पुढं पडतं. दहा मिनिटांचं काम आहे."

नवल साखळी हातात धरून उभा राहिला. निंबा उठून बसला. त्याचा चेहरा सुजला होता, पण रंग उतरलेला दिसत होता. तो रांगत टपावर चढला, पाना घेतला आणि पहिल्या बोल्टला लावला. पाना दोनदा निसटला. पहिला सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्याला गंज होता, त्यावर त्यानं सगळं अंग टाकलं, मोडलेली बरगडी आत टोचली तेव्हा तो कण्हला, आणि तोही सुटला. चौथा सुटताच लाकडाची चौकट कुरकुरत पुढं झाडावर कलली. इसाकच्या मांड्या मोकळ्या झाल्या. गुडघ्याखाली बघवत नव्हतं, पण रक्त उसळत नव्हतं. नवलनं दोन्ही मांड्यांना उपरणी आवळून बांधली.

निंबा टपावरून खाली आला. इसाकच्या तोंडाशी तोंड नेऊन त्यानं विचारलं, "चिंधानी केबिन बी अशीच व्हती का? चार बोल्टनी?"

"माझ्या सगळ्या अशाच असतात." इसाकचे डोळे मिटत होते. "मला कुणी बोलावलं नाही त्या दिवशी. अर्ध्या तासात पोचलो असतो. मला वाटलं, तो जागेवर गेला."

"तो बोलत व्हता. मन्हासंगे बोलत व्हता."

इसाकनं डोळे उघडले.

"मग गेला कसा?" तो म्हणाला. "कुणी ओढलं का त्याला? साखळी लावली होती?"

लांबून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला. लोक रस्त्यावरचे घड बाजूला सारून वाट करायला लागले.

"लावली व्हती," निंबा म्हणाला.

"कुणी?"

"मी."

निंबा खाली रस्त्यावर बसला आणि मोठ्यानं रडायला लागला.