निळ्या कापडाचे सांधे

दुफीने वायरींच्या नव्या जुडग्याचं टोक धरून जोरात ओढलं. किल्लीच्या भोकापासून हातभर अलीकडेच ते थांबलं. तिने पुन्हा ओढलं. वायरींना माणसासारखी लाज नसते. त्या तिथेच थांबल्या.

"ओढून वाढणार आहेत का त्या, आंटी?" बादूने विचारलं.

"तू गप बस."

 वडिलांच्या जुन्या ऑस्टिन गाडीसाठी बादू लंडनहून हे कोरं करकरीत जुडगं घेऊन आला होता. रंग जिथले तिथे, प्रत्येक टोकाला चिठ्ठी. शनिवारी वडिलांना जाऊन वर्ष होत होतं. त्या दिवशी गाडी त्यांच्या स्मरणार्थ निघणाऱ्या मिरवणुकीच्या पुढे चालेल, स्वतःच्या इंजिनावर चालेल, हे त्याने सगळ्या नातेवाइकांना फोनवर सांगून टाकलं होतं. आज गुरुवार होता.

"कुठल्या गाडीची वायरिंग आणलीस ही?"

"याच गाडीची. मॉडेल, वर्ष, सगळं जुळवून घेतलंय."

"आणि स्टिअरिंग?"

बादूने गाडीकडे पाहिलं, मग वायरींकडे. पुढे विचारायची गरज उरली नाही. ज्या वर्षी सरकारने अख्ख्या घानाला रस्त्याच्या डाव्या अंगावरून उजव्या अंगाला नेलं, त्या वर्षी बादूच्या वडिलांनी, मास्टर ओबेंगनी, या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडून डावीकडे आणलं होतं. किल्ली, हॉर्न, दिव्यांची बटणं, सगळं त्याच्यासोबत सरकलं. त्या सरकारने केलेल्या बदलांपैकी तेवढा एकच टिकला.

"जुनी वायरिंग कुठाय?"

"पोत्यात. टाकायलाच काढलीय. सगळी चिकट झालीय हो."

"आण ती. आणि हे तुझं पार्सल काढ इथून."

तिचा आवाज चढला होता, पण बादूवर नाही. बादू फक्त समोर होता.

मास्टर ओबेंगकडे दुफी चार वर्षं शिकली. त्यातलं एक वर्ष पाणी भरण्यात आणि याच बादूचे लंगोट धुण्यात गेलं. उरलेल्या तीन वर्षांत ती गाड्यांची वायरिंग शिकली. शिकणारा तयार झाला की आमच्याकडे मास्टर त्याला मोकळं करतो. गल्ली जमते, मास्टर चार शब्द बोलतो, डोक्यावर पावडर ओततो आणि तो माणूस तसाच पांढऱ्या डोक्याने घरी चालत जातो. दुफीच्या बरोबरीच्या तिघांच्या डोक्यावर पावडर पडली. तिच्या नाही, आणि त्याला कारण ही ऑस्टिन.

इंजिनाच्या वायरी डाव्या बाजूला पोचवायचं काम तेव्हा तिच्याकडे होतं. सांधे जोडता जोडता टेप संपली. बाजारातही नव्हती, त्या वर्षी बाजारात फक्त रांगा होत्या. तिने स्वतःच्या निळ्या कापडाच्या चिंध्या फाडून सांध्यांवर गुंडाळल्या. दुसऱ्या दिवशी मास्टरनी सगळ्यांना बॉनेटभोवती बोलावलं.

"ही गाडी आहे की बायकांचा झगा?"

समोरचा पत्रे ठोकणारा ओपोकू सगळ्यात मोठ्याने हसला होता. पुढच्या आठवड्यात मास्टरनी जाहीर केलं की हिचं काम मी उपटून टाकलं आणि सगळं पुन्हा केलं. जिला टेप आणि चिंधी यातला फरक कळत नाही, तिला मी मोकळं करणार नाही. दुफीने तरीही गॅरेज काढलं. एकोणतीस वर्षं चालवलं. गिऱ्हाईक खूश होऊन निघालं की वाटेत कुणीतरी त्याला सांगायचंच, "हात चांगला आहे बाईचा. पण तिला कुणी मोकळं केलेलं नाही हं."

तिने पोतं उलटं केलं आणि जुन्या जुडग्यावर ब्लेड फिरवलं. काळी टेप सुटली. तिच्याखाली आणखी एक थर होता. त्याच्याखाली निळं कापड.

दुफीने पुढचा सांधा सोलला. निळा. त्याच्या पुढचाही. अकराच्या अकरा. कापडाखाली तांब्याला तीन वेढे सुलटे आणि एक उलटा, तिच्याच हाताचे. त्यांना कुणी हात लावलेला नव्हता. वरून फक्त टेप चढवली होती, नीट, दोन थर, जशी माणूस काहीतरी झाकायला चढवतो.

"बाबांचं काम," बादू वाकून म्हणाला. "बघा, किती टिकलं."

"तुझा बाप खोटारडा होता."

गेलेल्या माणसाला निदान वर्षभर तरी थोर म्हणायची आमच्यात रीत आहे. बादूने दिवस मोजले असावेत. अजून दोन उरले होते.

दुपारपर्यंत तिने बॅटरी आणि बल्ब जोडून एकेक वायर तपासली, नवं जुडगं काढून जुनं परत घातलं आणि टोकं जोडली. सांध्यांवर टेप मात्र चढवली नाही. शेवटची, कॉइलची वायर, जिच्याशिवाय इंजिन चालू होत नाही, ती हातात धरून दुफी उभी राहिली.

"पावडर आण."

"वायरिंगला पावडर लागते?"

"या वायरिंगला लागते. पोरांना लावतात ती. तुला लावायचे ती."

तो कोपऱ्यावरून डबा घेऊन आला. दुफीने डोक्याचा रुमाल सोडला आणि मान खाली घातली. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं.

"आंटी, पण मी मास्टर नाही."

"नाहीसच. पण शनिवारी गाडी तुला हवीय."

"बरं. काय म्हणायचं असतं?"

"म्हण, हिचं काम मी उपटलं नव्हतं."

 बादूने बॉनेटखालच्या निळ्या चिंध्यांकडे पाहिलं. मग वडील चारचौघांत बोलायच्या आधी खाकरायचे, तसा खाकरला.

"दुफी, तुझं काम मी उपटलं नव्हतं. त्याच कामावर मी गाडी चालवली. जा, तू मोकळी आहेस."

तीन वेळा त्याने तिच्या डोक्यावर डबा हलवला. दुफीने वायर कॉइलला लावली आणि आत बसून किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि चालू झालं. बादू टाळ्या वाजवू लागला. तिच्या कपाळावरची आठी होती तिथेच राहिली. पावडरीमुळे ती आणखी स्पष्ट दिसत होती.

"तोंड पुसायला कापड देऊ?"

"कापड पुष्कळ दिलंय मी."

हत्यारं न आवरता ती निघाली. घर डावीकडे होतं, पन्नास पावलांवर. ती उजवीकडे वळली, सगळ्या गॅरेजांसमोरून जाणाऱ्या लांबच्या वाटेला.

म्हातारा ओपोकू पत्रा ठोकत होता. त्याने वर पाहिलं आणि हसायला तोंड उघडलं. मग हातोडा खाली ठेवून, गुडघ्यावर हात टेकत, तो सावकाश उभा राहिला.

"बस, बस," दुफी न थांबता म्हणाली. "तेव्हा कुठे उभा राहिला होतास?"