तलावापलीकडचा मुलूख

“बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वाटेच्या म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” स्कूलबसमधल्या सतरा पोरांनी बेंबीच्या देठापासून साथ दिली.

“आज ही पोरां तळ्यापलीकडच्या मुलकाक निघाली हत. वाटेत काय इडा-पिडा आसात, ती दूर कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

दाराशी दांडा धरून गाऱ्हाणं घालणारी जयंती हसली. असं देवाला साकडं घातल्याशिवाय तिच्या गावाकडे शुभकार्य सुरू होत नसे, मग बसमधली तिची रोजची गोष्ट तरी कशी सुरू व्हावी? कांजूरमार्गची मुलं सकाळी शाळेत न्यायची आणि दुपारी घरी आणायची, हे तिचं नऊ वर्षांचं काम. तिने पाहिलेले मुलूख दोनच, माहेर आणि कांजूरमार्ग. पण पवई तलावापलीकडे काय आहे, हे तिच्याइतकं छातीठोकपणे कोणीच सांगितलं नसतं. तिकडे मगरींचं राज्य होतं. मगरी काथ्याने दात घासत आणि पाहुण्याला पाठीवर बसवून गाव दाखवत.

“चावत नाहीत?” पहिलीतल्या मिहिरने विचारलं.

“पाहुण्याला कोण चावतं रे?”

“तिकडे शाळा असते?” चौथीतल्या गार्गीला सहजासहजी काही पटत नसे.

“असते ना! पण तिकडे मुलं प्रश्न विचारतात आणि उत्तर आलं नाही तर बाई बाकावर उभ्या.”

बस खिदळली. मिहिर मात्र वहीच्या मागच्या पानावर नकाशा काढत होता.

घात झाला तो त्याच दुपारी. तलावाजवळच्या सिग्नलला एकाला उलटी झाली. दार उघडून त्याला सावरताना जयंतीकडून कडी पुन्हा लावायची राहिली. तिने मान वर केली तेव्हा मिहिर रस्त्यावर होता, हातात वही घेऊन तळ्याकडे निघालेला. एका बाइकने करकचून ब्रेक मारला. जयंतीने धावत जाऊन त्याला दप्तरासकट उचललं. पोराला खरचटलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसचं काम पाहणारे श्यामकांत गेटपाशीच भेटले.

“जयंतीताई, पालकांच्या ग्रुपवर आपली वाट लागलीय. आजपासून गोष्ट बंद. परत ऐकू आली, तर बाई बदला म्हणतायत.”

“साहेब, चूक कडीची होती. ती मी कबूल करते. गोष्टीची काय चूक?”

“ते मी कोणाकोणाला समजावू, सांगा ना!”

जयंती बसमध्ये चढली. नवरा गुडघ्यांमुळे घरी बसलेला. मगरींसाठी नोकरी घालवणं तिला परवडणारं नव्हतं.

तिने कडी लावली, दोनदा ओढून पाहिली आणि डोकी मोजली.

“मावशी, आज कुठे?”

“शाळेत.”

सतरा चेहरे पडले. ते बघून तिला रडू आलं आणि ते लपवायला ती उगीचच पाठ करून पुन्हा कडी तपासू लागली.

“माझ्यामुळे ना?” पहिल्याच सीटवरच्या मिहिरने विचारलं.

“नाही रे राजा. माझ्यामुळे.”

बस तलावाजवळच्या त्याच सिग्नलला अडकली. तेव्हा गार्गी जागेवर उभी राहिली.

“ए, आई म्हणाली, गोष्ट सांगायला मावशीला बंदी आहे. आपल्याला कुठेय?” तिने जयंतीसारखेच हात जोडले. “बा देवा म्हाराजा! आमची मावशी पलीकडे कधी गेलीच नाहीये यार. रोज आम्हालाच पाठवते. आज तिला ने, आणि शाळा सुटायच्या आत परत आण रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” पोरं ओरडली. त्यांत एक जाडाभरडा आवाज ड्रायव्हर शिवदासचाही होता.

“मावशी, आज तू पाहुणी,” गार्गीने फर्मावलं. “पाहुण्यांनी उभं नाही राहायचं.”

मिहिर सरकला आणि त्याने खिडकीची जागा मोकळी केली. जयंती शिवदासकडे बघत राहिली. “बस गं, सिग्नल मोठा आहे,” तो म्हणाला.

नऊ वर्षांत ती त्या बसमध्ये पहिल्यांदाच बसली. एक हात लांब करून तिने दाराची कडी घट्ट धरून ठेवली होती. खिडकीतून तलाव दिसत होता. रोज ती पोरांकडे तोंड करून उभी राहायची, त्यामुळे तळं कायम तिच्या पाठीमागे राहिलेलं. पलीकडच्या काठावर झाडं होती आणि झाडांत काहीतरी हललं.

“मग?” तिने मिहिरला हळूच विचारलं. “तिथे गेल्यावर पुढे काय होतं रे?”