दाखवण्यापुरता कान

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हटकून विचारतो, "हे बटण कुठल्या कोटाचं?" एका आजोबांनी तर मला चक्क खिशात घालून घरी नेले होते, सुनेकडून शिवून घेऊ म्हणून. दुसऱ्या दिवशी बिचारे ओशाळून परत द्यायला आले. पण मी बटण नाही. ज्यांचे कान अगदीच गेले आहेत त्यांच्यासाठी कॉक्लिअर इम्प्लांट नावाचे यंत्र असते. त्याचा एक भाग शस्त्रक्रिया करून कानामागे कातडीखाली बसवतात आणि दुसरा बाहेरून लावतात. त्या बाहेरच्या भागाचा मी नमुना आहे, आता जुना झालेला. नमुना म्हणजे सोंग. रूप सगळे खऱ्याचे, पोटात मात्र काही नाही. ना तार, ना बॅटरी. लोहचुंबक तेवढा खरा. मग मी लोकांचे बोलणे कसे ऐकतो, हे विचारू नका. ज्याने मुंगीला साखरेचा वास दिला, त्या दयाळाने माझ्याही पदरात काही टाकले असेल.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. एकाच साच्यातून आम्ही भावंडे बाहेर पडायचो आणि सरकत्या पट्ट्यावरून पुढे जायचो. पुढे त्या पट्ट्याला दोन वाटा फुटत. उजवीकडे जाणाऱ्यांच्या पोटात यंत्र भरत, त्यांची परीक्षा घेत, प्रत्येकाला क्रमांक देत. डावीकडे जाणाऱ्यांवर नुसते झाकण बसवत. मी डावीकडे गेलो. कोणत्या कर्माने, ते ठाऊक नाही. साचा तोच, रंग तोच. क्रमांक काही मिळाला नाही.

कंपनीच्या माणसाने मला निळ्या पेटीत घालून एका दवाखान्यात आणून ठेवले. ती खोली होती कानाच्या ताईंची. लोकांचे ऐकणे तपासणे आणि यंत्र निवडायला मदत करणे हे त्यांचे काम. भिंतींना जाड गालिचा लावलेला, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून परत येऊ नये. कोपऱ्यात काचेच्या खिडकीची तपासणीची खोली, टेबलावर प्लास्टरचा तळहाताएवढा कान आणि कपाटावर दोन पेट्या. निळी आमच्या कंपनीची, राखाडी दुसऱ्या कंपनीची. राखाडीतला नमुना वाटाण्याच्या शेंगेसारखा. कानावर अडकायचा, आणि त्याच्या तारेच्या टोकाला एक चकती. ती चकती डोक्याला चिकटायची. मी मात्र एकसंध, वाटोळा, तारेवाचून नुसता केसांत चिकटणारा. वर्षानुवर्षे आम्ही शेजारी होतो, पण एका शब्दाची देवाणघेवाण झाली नाही.

ताई आलेल्या प्रत्येकाला पहिल्यांदा हेच सांगत, "एका कंपनीचं यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलत नाही. आत ज्या कंपनीचं बसेल, बाहेरही त्याच कंपनीचं लागणार. आणि आतलं जन्मभराचं, म्हणून घाई करू नका. दोन्ही चांगली आहेत. तुमच्या जगण्यात कुठलं बसतं ते बघू."

मग दोन्ही पेट्या उघडत, आणि बहुतेक हात माझ्याकडे येत. "किती गोंडस!" "दिसणारसुद्धा नाही हो!" "बस्स, हेच!" त्या 'हेच'ने मी कितीदा फुलून गेलो असेन. पण काही दिवसांनी खोक्यातून माझा कुणी क्रमांक असलेला भाऊ यायचा, तोच कुणाच्या तरी केसांत बसून कुणाच्या तरी घरी जायचा. त्याला उशीची ऊब, नातवंडांची बडबड. मला निळ्या पेटीतल्या स्पंजची खाच. खाच मोठी मऊ होती आणि नेमकी माझ्या मापाची. तिच्यात दुसरे कुणी मावत नसे.

एके दुपारी एक बेकरीवाली बाई आली, सोबत मुलगी आणि जावई. बाई साठीच्या आसपासची. दोन्ही हातांवर भट्टीच्या चटक्यांचे जुने डाग, नखांच्या कडेला धुऊनही न गेलेले पीठ. सहा वर्षांपूर्वी एका तापात तिचे ऐकणे गेले होते. खुर्चीत ताठ बसून ती प्रत्येकाच्या तोंडाकडे हसतमुखाने पाहत होती.

"ताई, आमचा सगळा अभ्यास झालाय," जावई बसायच्या आधीच म्हणाला. "निळ्या पेटीतलं."

"अभ्यास म्हणजे तीन दिवस मोबाईल नाकाला चिकटवून बसले होते," मुलगी म्हणाली. "एवढा कॉलेजात केला असता तर..."

"तर तू भेटली नसतीस."

"भाग्य माझं," ती म्हणाली आणि ताईंकडे वळली. "पण खरंच, हेच बरं. आईच्या केसांत झाकून जाईल. नाहीतर लोक बघतात, मग विचारतात, मग चुकचुकतात. तेवढं नको वाटतं."

"मावशींचं काय म्हणणं?"

मुलीने आईच्या खांद्याला हात लावला. "आई, हेच ना गं?"

बाईने हसून मान हलवली.

मित्रांनो, तो होकार माझ्या चांगल्या ओळखीचा. त्या खोलीत येणारे निम्मेअधिक लोक तो सोबतच घेऊन येतात. 'काय म्हणालात?' असे शंभरदा विचारावे, शंभरदा समोरच्याच्या कपाळावर आठी पाहावी, मग एक दिवस माणूस विचारणे सोडतो. दुसरा हसला की हसतो, थांबला की मान हलवतो. लोक म्हणतात, किती समजूतदार आहेत! मी ते ओळखले होते. आणि खोटे कशाला बोलू, मला 'हेच' म्हटले होते म्हणून मी मनातून खूशच होतो.

ताईंनी बाईच्या डोक्याला पट्टा बांधला. त्याला लोखंडी पत्री असते, तिच्यावर नमुना चिकटतो. मी टक्कन बसलो. जावयाने चार बाजूंनी फोटो काढले. मुलीने आईचे केस माझ्यावर ओढले आणि म्हणाली, "बघा! आहे का नाही, कळतंय का?" मागणीचा कागद पुढे आला, बाईच्या हातात पेन गेले.

तेव्हा ताई खुर्ची ओढून तिच्या अगदी समोर बसल्या. "मावशी, यंत्र बसल्यावर पहिल्यांदा काय ऐकायचंय?"

बाईने हसून मान हलवली.

"काय ऐकायचंय, मावशी?"

पुन्हा मान. या वेळी जरा जोरात, जणू पहिली कमी पडली असावी.

जावई एकदम प्लास्टरच्या कानाकडे निरखून पाहू लागला. मुलीचा हात आईच्या खांद्यावर तसाच राहिला.

"'काय'चं उत्तर 'हो' नसतं," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "आल्यापासून यांना एक शब्द कळलेला नाही."

"असं कसं? घरी तर ती सगळ्याला..." मुलगी अडखळली. पुढचे तिचे तिलाच उमगले असावे. घरी आई सगळ्याला हो म्हणत होती.

ताईंनी पेन काढून घेतले आणि कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'दिवसभर काय काम करता? करून दाखवा.'

बाईने वाचले. आल्यापासूनचे ते ठरीव हसू उतरले आणि तिचा खरा चेहरा दिसला. ती उठली, बाह्या कोपरापर्यंत सारल्या. ताईंचे टेबल म्हणजे तिची परात झाली. दोन्ही हात खोल घालून ती मळू लागली. दुमड, दाब, फिरव. दुमड, दाब, फिरव. मग पिठाचे पोते खांद्यावर घेतले, तेही कानाला घासून. मग लांब दांड्याची फळी भट्टीत सारायला कमरेत पार वाकली, मान तिरकी केली, आणि मी निसटलो. जमिनीवर टप्पा घेतला आणि गडगडत कपाटाखाली गेलो.

जावई पालथा पडला. "दिसतोय! अगं, पट्टी दे, फूटपट्टी!" अखेर धुळीच्या गुंतवळासकट त्याने मला बाहेर ओढले, तर बाई हसत होती. पोट धरून, खोली दणाणून टाकत. आपला आवाज केवढा आहे, हे तिला कळायचे साधनच नव्हते.

"हे तर पिठात जाईल! गिऱ्हाइकाच्या दाताखाली येईल!"

सगळेच हसले. हसता हसता जावई बायकोकडे वळून म्हणाला, "मग आता बेकरीत जायचंच कशाला? खूप केलं. यंत्र बसवून घ्यायचं नि घरी आरामात बसायचं."

बाईकडे त्याची पाठ होती.

ताईंनी कागद पुढे सरकवला. "हे त्यांना लिहून दाखवा."

"मी आपलं सहज म्हटलं हो."

"मग सहजच लिहा."

त्याने बायकोकडे पाहिले. तिने पेन घेतले. 'आई, आता बेकरी' एवढे लिहिले आणि पेन थांबले. आई पलीकडून मान वाकडी करून उलटी अक्षरे वाचत होती. बेकरी हा शब्द दिसला तशी तिने बाह्या भराभर खाली ओढल्या, हातांवरचे डाग झाकले. पेन काही पुढे सरकेना. आईच्या पाठीमागे जे इतक्या सहज बोलून व्हायचे, ते तिच्या डोळ्यांदेखत कागदावर उतरत नव्हते. मुलीने ओळ खोडली. पुन्हा पुन्हा खोडली, कागद फाटेपर्यंत. मग खाली लिहिले, 'आई, तुला काय ऐकायचंय?'

बाईने ते बराच वेळ वाचले. एवढेसे वाक्य, पण सहा वर्षांनी आले होते.

"पाव," ती म्हणाली. "भट्टीतून काढला की उलटा करायचा आणि बुडावर बोटाने ठोकायचं. भाजला असला तर पोकळ वाजतो. कच्चा असला तर मुका राहतो. घड्याळ लागत नाही मग. सहा वर्षं मी अंदाजाने काढतेय. कधी करपतो, कधी आत ओला राहतो. गिऱ्हाईक तोंडावर काही बोलत नाही गं. नुसतं यायचं थांबतं." तिने श्वास घेतला. "मला धाकधूक होती. तुम्हाला कळलं तर बेकरी बंद कर म्हणाल. मी वाद घालायची कशी? तुमचं म्हणणंच ऐकू येत नाही. म्हणून आपली हो हो करत राहिले."

पाहा मित्रांनो, बेकरी वाचावी म्हणून जी मान हलत होती, त्याच मानेने त्या दुपारी बेकरी जाणार होती. केसांत झाकले जाणारे, पिठात पडणारे यंत्र घरी गेले असते, आणि पाठोपाठ बाईही घरीच बसली असती. सगळे किती प्रेमाने झाले असते!

ताईंनी राखाडी पेटी उघडली. शेंगेसारखा तो नमुना बाईच्या कानावर अडकवला, चकती पट्ट्यावर बसवली. बाई तीनदा वाकली, पोते घेतले, मान झटकली. तो हलला नाही. ताईंनी लिहून सांगितले की पिठासाठी यावर कापडी टोपी चढवावी लागेल, आणि घामाची ओल जायला रोज सुकवायच्या डबीत ठेवावे लागेल.

"पण हे दिसतं," जावई पुटपुटला.

"काय म्हणतोय हा?" बाईने मुलीला विचारले. मुलीने निमूट लिहिले.

"दिसू दे की! मी काय चोरून आणलंय?"

तिने राखाडीवर सही केली. ताईंनी मला पुसून खाचेत ठेवले. मला वाईट वाटले, नाही म्हणत नाही. मी त्या खोलीत इतक्या जणांना आवडलो होतो, पण माझ्यामुळे एवढे हसणारी ती एकटीच. आणि तीच मला सोडून गेली. पण झाले ते योग्य झाले, हे माझ्या रिकाम्या पोटालाही कळत होते.

पुढे आमच्या कंपनीचे नवे मॉडेल आले, निळ्या पेटीत नवा नमुना बसला. मी टेबलाच्या खालच्या खणात गेलो. इथे वाळलेली पेने आहेत, तुटका हेडफोन आहे, कुणाची नसलेली एक किल्ली आहे. आम्ही कुणी कुणाशी बोलत नाही. खण महिन्यातून एकदा उघडतो, तोही चुकून.

अशाच बंद खणातून मला एकदा ओळखीचा आवाज आला. पूर्वीपेक्षा पुष्कळ हळू झालेला. बाई यंत्राचा आवाज जुळवून घ्यायला आली होती. "सुरुवातीला माणसंसुद्धा पत्र्यावर खडे पडल्यासारखी वाजायची," ती सांगत होती. "पाव तर नुसता करकरायचा. तरी म्हटलं, ठोकत राहू. रोज शंभर ठोकते. आता कच्चा नि भाजलेला वेगळा कळतो. पहिल्यासारखा नाही. पण कळतो."

ताई संगणकाकडे तोंड करून भराभर काहीतरी बोलल्या. मुलगी शेजारीच असावी. मी वाट पाहिली. तिने आईच्या वतीने उत्तर दिले नाही. आणि मग बाईचा आवाज आला,

"नाही. कळलं नाही मला. ताई, इकडे तोंड करा आणि परत सांगा."

इतकी वर्षे मी त्या खोलीत होकारच ऐकत आलो होतो. हा 'नाही' ऐकून खणातल्या अंधारातही मला फार बरे वाटले.

तर मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या. त्यांना ओल लागू देऊ नका, पाडू नका. पण त्याआधी, तुमच्या घरी कुणी सगळ्याला हसत मान हलवत असेल, तर त्यांच्या पाठीमागे काही ठरवून टाकू नका. समोर जाऊन बसा, आपल्या तोंडावर उजेड येईल असे बसा, आणि मानेने ज्याचे उत्तर देता येणार नाही असे काही विचारा. मग थांबा. उत्तर यायला वेळ लागतो. फार नाही लागत. मी इथे खणात वेळ मोजत बसलेला आहे, म्हणून खात्रीने सांगतो.